संदर्भाला द्या टोपणनाव!

नोकरी सांभाळून एमटेक करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा रिसर्च पेपर तयार होता, पण संदर्भसूचीने तिचा अख्खा रविवार खाल्ला. मध्येच एक संदर्भ वाढला, की पुढचे सगळे नंबर बदला! म्हटलं, अगं, लेटेक वापर ना! त्याच्या जोडीचं बिबटेक ओरेन पटाश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ मध्ये आणलं, ते नेमकं याच कटकटीसाठी.

फंडा सोपा आहे. प्रत्येक संदर्भाचा लेखक, शीर्षक, वर्ष एका फाइलमध्ये एकदाच भरायचं, त्याला टोपणनाव द्यायचं आणि मजकुरात तेवढंच वापरायचं. नंबर, क्रम, स्वल्पविराम सॉफ्टवेअर बघतं. टोपणनाव फाइलमध्ये सापडलं नाही, तर तिथे ठसठशीत प्रश्नचिन्ह उमटतं.

पण मंडळी, एआयने सुचवलेला, अस्तित्वातच नसलेला पेपर फाइलमध्ये भरलात, तर बिबटेक तोही तितकाच देखणा मांडून देतं. तिथे प्रश्नचिन्ह येत नाही! म्हणून मूळ पेपर उघडून वाचणं मस्ट. ज्यांच्या कष्टांवर आपला पेपर उभा राहतो, त्यांचं नाव तरी खरं असायला हवं. काय?