उद्यापन नसलेलं व्रत

आपल्याकडे व्रत घेतलं की त्याचं उद्यापन करायचं असतं. सोळा सोमवार असोत नाहीतर चातुर्मासात सोडलेलं वांगं, "किती दिवस" हे आधी ठरलेलं असतं. शेवटी चार माणसं जेवायला बोलावायची आणि सोडलेली गोष्ट परत ताटात घ्यायची. हल्ली माझ्या आजूबाजूची पळणारी मंडळी जे व्रत धरतायत, त्याला उद्यापनच नाही. त्याचं नाव एलिमिनेशन डाएट. आज मला त्याच्यावरून भांडायचंय.

भांडण त्या डाएटशी नाही, हे आधीच सांगते. मी स्वतः ते केलंय आणि मला त्याचा उपयोग झालाय. माझं म्हणणं एवढंच, की हा एक प्रयोग आहे, आहार नव्हे. प्रयोगाला सुरुवात असते, शेवट असतो, आणि शेवटी एक उत्तर हाती लागावं लागतं. त्यामुळे मॅरेथॉनची किंवा ट्रायथलॉनची तयारी ऐन भरात असताना तो करू नये. केलात तर प्रयोगही वाया जातो आणि शर्यतही.

ही कल्पना काही नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या अल्बर्ट रो नावाच्या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात ती रुग्णांवर पद्धतशीर वापरायला सुरुवात केली. संशयित पदार्थ काही दिवस बंद करायचे, बरं वाटलं तर एकेक परत द्यायचा आणि गुन्हेगार कोण ते बघायचं. आज पोटाच्या तक्रारींसाठी, विशेषतः आयबीएससाठी, जे सर्वात जास्त वापरलं जातं ते लो-फॉडमॅप डाएट मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलं. तिथल्या पीटर गिब्सन आणि सू शेपर्ड यांनी २००५ साली ही कल्पना मांडली. लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या आणि पुढे आंबून गॅस करणाऱ्या शर्करा कमी करायच्या. आपल्या स्वयंपाकघरात याचा अर्थ कांदा, लसूण, गहू, राजमा-छोले आणि बऱ्याचशा डाळी, दूध, सफरचंद, आंबा, मध. वाचता वाचताच भूक लागली ना?

पण याचे टप्पे तीन आहेत. २ ते ६ आठवडे बंद, मग साधारण ६ ते ८ आठवडे एकेक गट परत आणायचा, आणि मग जे सोसतं ते सगळं कायम खायचं. आमच्या पळणाऱ्या जगात पहिला टप्पा तेवढा सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याचं नाव काढलं की लोक असे बघतात, जणू मी एकादशीला चिकन करायला सांगतेय.

आता शर्यतीची तयारी मध्ये आली की काय होतं बघा. रविवारी तुम्ही २८ किलोमीटर पळता. त्या तीन-साडेतीन तासांत शरीर रक्त पायांकडे आणि घाम काढायला कातडीकडे वळवतं, आतड्याच्या वाट्याला फार कमी येतं. वर मुंबईची दमट हवा, सततचे हादरे, पोटात गेलेलं एखादं जेल, आणि गुडघा दुखतो म्हणून घेतलेली आयब्रुफेनची गोळी (ही तर आतड्याला आणखी त्रास देते). अशा दिवशी पोट बिघडलं तर दोष कुणाचा? शनिवारच्या पोळीचा? की २८ किलोमीटरचा? शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत पळणं कमी होतं, पोट शांत होतं, आणि श्रेय मिळतं गहू सोडल्याला! एका वेळी दहा गोष्टी बदलत असताना एका गोष्टीचा निकाल लावता येत नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला हे आपण सगळे शिकलोय.

ही झाली प्रयोगाची बाजू. आता ताटाची.

भरात असलेल्या तयारीत, म्हणजे दिवसाला एक ते तीन तासांचा व्यायाम, खेळाडूंच्या आहारशास्त्रात दर किलो वजनामागे रोज ६ ते १० ग्रॅम कर्बोदकं सांगतात. ५५ किलोच्या बाईला खालच्या आकड्यानेसुद्धा ३३० ग्रॅम होतात. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भाताच्या वाटीत साधारण ४० ग्रॅम असतात. म्हणजे रोज आठ वाट्या भात! एरवी हा हिशोब पोळी, वरण, दूध, फळं, खीर, एखादा लाडू अशा दहा वाटांनी पुरा होतो. त्यातल्या सात वाटा बंद केल्यात तर उरलेल्या तिनांतून तेवढं अन्न पोटात जाईल का? जाऊ शकतं, पण त्यासाठी कुणीतरी रोज बसून मांडणी करावी लागते. सकाळी साडेचारला उठून पळायला जाणारी, आणि नऊला ऑफिस गाठणारी बाई ती करत नाही. ती सरळ कमी खाते. शाकाहारी घरात तर डाळ आणि दूध हेच प्रथिनांचे दोन पाय. दोन्ही एकदम काढले तर उभं कशावर राहायचं?

कमी खाण्याची किंमतही असते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली तिला नाव दिलं, रेड्स. म्हणजे खर्चाच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडत राहणं. त्यात पाळी चुकते किंवा बंद होते, पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन उतरतं, हाडं ठिसूळ होऊन स्ट्रेस फ्रॅक्चर होतात, सारखी सर्दी, चिडचिड, झोप नाही. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) उपाशी शरीराचं पचनही मंदावतं. पोट फुगतं, साफ होत नाही. मग माणूस काय करतो? अजून एक पदार्थ बंद करतो.

हे मी हवेत बोलत नाहीये. माझी भाची, वय २६, तिला विचारूनच लिहितेय. फुल मॅरेथॉनची तयारी चालू होती आणि पोटाची कुरकुरही. कुणाच्या तरी सांगण्यावरून एका लॅबमध्ये रक्त दिलं. रंगीत रिपोर्ट आला, त्यात २३ पदार्थांपुढे लाल खूण. गहू, दूध, तूर, शेंगदाणे, अगदी तांदूळसुद्धा. तिने सगळे सोडले. पाच महिने झाले. वजन उतरलं, ग्रुपमध्ये कौतुक झालं, "काय फिट दिसतेस!" चार महिने तिला पाळी आलेली नाही, आणि नडगीचं दुखणं एमआरआयपर्यंत पोचलंय. पण दिवाळीत तिच्या हातावर करंजी ठेवली तेव्हा ती रडवेली झाली, आणि मला खरी भीती त्याची वाटते. तिला करंजी नको नव्हती. तिला करंजीची भीती वाटत होती.

त्या रंगीत रिपोर्टबद्दल बोलायलाच हवं. त्यात मोजतात ते आयजीजी. आपण जे नेहमी खातो, त्याच्याविरुद्ध आयजीजी रक्तात सापडणं ही साधी गोष्ट आहे. ती त्या अन्नाशी शरीराची ओळख दाखवते, वैर नाही. म्हणून तर रोज पोळी-भात खाणाऱ्या पोरीच्या रिपोर्टमध्ये पोळी-भात लाल! युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये, अमेरिकेतल्या संघटनेने २०१० मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेने २०१२ मध्ये, अन्न सोसतं की नाही हे ठरवायला ही चाचणी वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. तरी ती विकली जाते, कारण यादी हातात आली की माणसाला बरं वाटतं.

इथे कुणीतरी जोकोविचचं नाव काढणार, मला माहितीये. ग्लुटेन सोडलं आणि २०११ मध्ये तीन ग्रँड स्लॅम जिंकला! त्याने २०१३ च्या पुस्तकात सगळं सांगितलंय. डॉक्टरांनी पोटाजवळ पाव धरायला लावला आणि दुसरा हात दाबून ताकद कमी झाली का ते पाहिलं, हेसुद्धा. याला चाचणी म्हणायचं तर आमच्या आजीची दृष्ट काढायची पद्धतही चाचणीच. पण त्याच पुस्तकात पुढे आहे, की दोन आठवड्यांनी त्याने एक बेगल खाऊन बघितला. म्हणजे ज्याचं नाव घेऊन लोक आयुष्यभराचा पथ्यसंन्यास घेतात, त्याने निदान परत खाऊन तरी पाहिलं होतं! आणि २०१५ साली सिलिअ‍ॅक नसलेल्या १३ सायकलपटूंवर एक अभ्यास झाला. एक आठवडा ग्लुटेनसह, एक आठवडा ग्लुटेनविना, कोणता कोणता ते कुणालाच न सांगता. कामगिरीत फरक नाही, पोटाच्या तक्रारींतही नाही. अभ्यास लहान होता, मान्य. पण पोटाजवळ धरलेल्या पावापेक्षा मोठाच.

"पण मला खरंच बरं वाटतंय!" हा सगळ्यात जोरदार मुद्दा, आणि तो मी उडवून लावणार नाही. वाटत असेल. पण गहू सोडताना तुम्ही बिस्किटं, खारी आणि रात्री साडेदहाचा वडापावही सोडलात. मग बरं कशाने वाटलं? ते शोधण्यासाठीच तर तो दुसरा टप्पा. तो टाळणं म्हणजे परीक्षा देऊन निकालाच्या दिवशी गावाला निघून जाणं.

ज्यांना सिलिअ‍ॅक आहे, खरी अ‍ॅलर्जी आहे, त्यांना यातलं काही लागू नाही. त्यांचं पथ्य जन्मभराचं. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं इतकं बारीक त्यांना बघावं लागतं. म्हणूनच सिलिअ‍ॅकचा संशय असेल तर गहू सोडण्याच्या आधी रक्त तपासा. गहू बंद केल्यावर ती तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

मग करायचं केव्हा? आमच्याकडचं वेळापत्रक सोपं आहे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत. मी फेब्रुवारीत सुरुवात केली, आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आठवड्याला जेमतेम २० किलोमीटर, सगळं रमतगमत. चार आठवडे भात, ज्वारीची भाकरी, बटाटा, अंडी, बिनकांद्याचे पोहे. लसूण तेलात परतून काढून टाकायचा. त्यातला त्रासदायक भाग पाण्यात विरघळतो, तेलात नाही, त्यामुळे स्वाद राहतो. उपासाची साबुदाणा खिचडी या यादीत जवळजवळ जशीच्या तशी बसते, हे कळल्यावर आईला झालेला आनंद काय सांगू! मार्च-एप्रिलमध्ये एकेक गट परत आला, तीन-तीन दिवस, वाढत्या प्रमाणात. निकाल: पोळ्या चालतात. दही चालतं, कपभर दूध नाही. परतलेला कांदा चालतो, कच्चा नाही. राजमा नाहीच. बस, चार ओळी. त्या चार ओळींसाठी तीन महिने घालवणं सार्थकी लागलं, आणि जूनमध्ये पळणं वाढलं तेव्हा ताट जवळजवळ पूर्ण भरलेलं होतं.

शर्यत आठ आठवड्यांवर आलीये आणि पोट छळतंय? तर मोठा प्रयोग नको. लांब पळण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांपुरतं दूध, राजमा, कच्चा कांदा बाजूला ठेवा. गोळ्या टाळा. आणि पळताना खायची सवय करा, तासाला ३० ग्रॅमपासून ६० ग्रॅमपर्यंत हळूहळू. आतडंही पायांसारखंच सरावाने शिकतं.

आत्या, काकू, मावशी, तुम्हालाही एक सांगायचंय. पोरं बारीक झाली की "छान दिसतेस" म्हणू नका, आणि "एवढंसं खाल्ल्याने काही होत नाही" म्हणून ताटात ढकलूही नका. एवढंच विचारा, "तुझं हे संपणार कधी?" उत्तरात तारीख आली तर तिला हवं तसं रांधून द्या. तारीख नसेल तर डॉक्टरकडे सोबत जा.

भाचीने यंदाची शर्यत सोडलीये. गेल्या आठवड्यापासून वरण-भात परत सुरू झालाय, गहू पुढच्या महिन्यात. यादीत शेवटी आंबा आहे. तो मे महिन्यात येईलच, आणि ती चाचणी घ्यायला घरातले सगळेच तयार आहेत :)