ठिपक्याला पोच नसते!

हॅम रेडिओचा विषय काढला की दोनच प्रकारची वाक्यं कानावर पडतात. पहिलं आमच्या मामा-काका कंपनीचं, "अरे, मोबाईलवरून लोकेशन पाठवता येतं की! मग ती अँटेना घेऊन डोंगरावर कशाला तडमडायचं?" आणि दुसरं, ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे, त्यांचं, "मी एपीआरएसवर आहे. हा बघ, नकाशावर माझा ठिपका!"

पहिल्या वाक्याचा मला राग येत नाही. मामांना हे प्रकरण कुणी नीट समजावलेलंच नाही. माझं भांडण आहे ते दुसऱ्या वाक्याशी. कारण मामांना उत्तर द्यायची जबाबदारी ज्यांची, तेच ठिपक्यावर खूष होऊन बसलेत.

तर मंडळी, आधी हे एपीआरएस म्हणजे काय ते थोडक्यात. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

रेडिओवरून बोलण्याऐवजी माहितीची छोटी छोटी पाकिटं पाठवायची, याला पॅकेट रेडिओ म्हणतात. संगणक अक्षरांचे दोन सूर करतो, १२०० आणि २२०० हर्ट्झचे, आणि ते साध्या एफएम वॉकीटॉकीतून सेकंदाला १२०० बिट या वेगाने जातात. कानाला ऐकू येते ती फक्त एक खरखर, जुन्या डायल-अप मोडेमची आठवण करून देणारी. ही पाकिटं बांधण्याच्या नियमावलीला एएक्स.२५ म्हणतात. एपीआरएसमध्ये या पाकिटांसाठी आधी कुणाशी जोडणी करावी लागत नाही. आपण हाळी द्यायची, ज्याला ऐकू गेली त्याने ऐकली. वाटेत उंचावर एखादं डिजिपीटर असेल तर ते पाकीट ऐकून पुन्हा हाळी देतं, म्हणजे डोंगरापलीकडेही आवाज जातो. आणि एखादं आयगेट असेल तर ते पाकीट उचलून इंटरनेटवर टाकतं. जगभरचे ठिपके दाखवणारा नकाशा तिथून तयार होतो.

हे सगळं उभं केलं बॉब ब्रुनिंगा या माणसाने. अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीत इंजिनियर, कॉलसाइन डब्ल्यूबी४एपीआर. १९८२ साली त्याने ॲपल-२ संगणकावर नौदलाच्या जहाजांनी कळवलेली ठिकाणं नकाशावर दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला. १९८४ साली व्हिक-२० या पिटुकल्या संगणकावर त्याची पुढची आवृत्ती केली, ती शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी! कुठला घोडा कुठे आहे आणि कसा आहे, हे कळावं म्हणून. "कुठे" आणि "कसा", दोन्ही. पुढे काही काळ या पद्धतीचं नाव होतं 'कनेक्शनलेस इमर्जन्सी ट्रॅफिक सिस्टिम'. या नावात 'ठिकाण' हा शब्दच नाही, हे कृपया लक्षात घ्या. जीपीएस जोडलं गेलं ते १९९०च्या दशकात, आणि मग 'पी' म्हणजे 'पोझिशन' असा समज घट्ट झाला. हा 'पी' पॅकेटचा आहे, आणि ही गाड्यांचा माग काढायची यंत्रणा नसून परिसरात काय चाललंय ते सगळ्यांनी सगळ्यांना कळवायची दुतर्फी यंत्रणा आहे, हे ब्रुनिंगा लोकांना वर्षानुवर्षं सांगत राहिला. २०२२च्या फेब्रुवारीत तो गेला. लोक अजून ठिपकेच मोजतायत.

आता माझा मुद्दा. ठिपका काय सांगतो? अमुक वाजता अमुक माणूस अमुक ठिकाणी होता. बास. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर एखाद्याचा ठिपका तासभर हलला नाही, तर काय समजायचं? तो जेवायला बसलाय? बॅटरी संपली? कड्याच्या आड गेल्यामुळे पाकिटं पोचत नाहीत? की पडला? चारही शक्यतांना नकाशावर एकच चित्र दिसतं. त्या ठिपक्याकडे बघत घरी बसलेल्या आईची काय अवस्था होईल ते तुम्हीच ठरवा. याला मी माहिती म्हणत नाही, याला घोर लावणं म्हणतात.

आणि यातली मेख अशी की ठिकाणाच्या पाकिटाला पोच नसते. ते पाठवलं की पाठवलं. कुणी ऐकलं का, अर्ध्यात विरलं का, दुसऱ्याच्या पाकिटावर आदळलं का, पाठवणाऱ्याच्या रेडिओला काही पत्ता नसतो. चुकून एखाद्या डिजिपीटरने आपलंच पाकीट परत म्हटलेलं ऐकू आलं तर तेवढाच दिलासा. याउलट एपीआरएसचा निरोप बघा. तो एका ठरावीक कॉलसाइनला लिहिलेला असतो, त्याला क्रमांक असतो. पलीकडच्या स्टेशनला तो मिळाला की तिकडून त्या क्रमांकाची पोच आपोआप परत येते, आणि पोच येईपर्यंत इकडचं यंत्र ठरावीक वेळा तो पुन्हा पाठवत राहतं. लांबी किती, तर जास्तीत जास्त ६७ अक्षरं. आणि ती रोमन धरून हं! देवनागरीचं एकेक अक्षर तीन-तीन बाइट खातं, त्यामुळे निरोप रोमन लिपीत लिहिणंच शहाणपणाचं. पण ६७ अक्षरं काय कमी आहेत? आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी जन्म, मृत्यू, लग्न, नोकरी सगळं तारेच्या चार शब्दांत उरकलं. "पाय मुरगळला, बाकी ठीक, उद्या दुपारी पायथ्याला." रोमनमध्ये लिहून बघा, ६७ मध्ये आरामात बसतं. हजार ठिपके हे सांगू शकणार नाहीत.

यावर ठिपकेवाल्यांचं उत्तर मला माहीत आहे. "शोधपथकाला जागाच तर हवी असते!" हो, हवी असते. मी ठिपके बंद करा असं म्हणतच नाहीये. मी म्हणतो, नुसता ठिपका पुरेसा समजू नका. २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्याच मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते, आणि नेमकी त्सुनामी आली. त्यांनी दिवसरात्र रेडिओवर बसून निरोप पोचवले. तेव्हा काम झालं ते तोंडी, पॅकेट नव्हतं. पण मुद्दा तोच. मुख्य भूमीवर जीव मुठीत धरून बसलेल्या नातेवाइकांना अक्षांश-रेखांश नको होते. "सुखरूप आहे" एवढे दोन शब्द हवे होते.

आता दुसरी गंमत. आपल्याकडे नवीन परवानाधारक सुरुवात कशी करतो? फोनवर एक ॲप घेतो, त्यात कॉलसाइन घालतो, ॲप मोबाईलच्या डेटावरून थेट सर्व्हरला ठिकाण कळवतं, आणि ठिपका झळकतो. झालं, एपीआरएस सुरू! अहो, पण यात रेडिओ कुठाय? अँटेना नाही, लहर नाही, डिजिपीटर नाही. हे म्हणजे पोहण्याच्या तलावाचं सभासदत्व घेऊन काठावर भजी खाण्यासारखं झालं. मामांचा प्रश्न इथे शंभर टक्के बरोबर ठरतो. मोबाईलवरूनच जायचं असेल तर खरंच हे कशाला?

कारण ज्या दिवशी याची गरज लागते, त्या दिवशी नेमका मोबाईलच मेलेला असतो. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि फोन लागत नाहीत म्हणून रात्रभर जागलेली घरं. २२ जुलै २०२१चं चिपळूण आठवा. पाणी चढलं, वीज गेली, पाठोपाठ फोन गेले. अशा वेळी इंटरनेटवर टेकलेला ठिपका टॉवरबरोबरच बुडतो. पण गाडीच्या बॅटरीवर चालणारी दोन स्टेशनं आणि मधल्या एखाद्या उंच टेकडीवर सौर पॅनेलवर चालणारं एक डिजिपीटर, एवढ्यावर निरोप जातो आणि पोच येते. मध्ये ना कंपनी, ना केबल.

"मग सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारी यंत्रं आहेत की," असं आमचा एक अमेरिकावासी भाऊ म्हणतो. आहेत, आणि तिकडे उत्तम चालतात. आपल्याकडे परवानगीशिवाय तसलं यंत्र जवळ बाळगणं कायद्यात बसत नाही. अशी यंत्रं घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांना विमानतळावर अडवल्याच्या बातम्या २०२४-२५च्या हिवाळ्यात आपण वाचल्या आहेतच. हॅमचा परवाना मात्र बारा वर्षांच्या पोरालाही परीक्षा देऊन मिळू शकतो.

आणखी एक खोड सांगतो. दर दहा सेकंदांनी ठिपका सोडणारे वीर! सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. हवाईच्या विद्यापीठात १९७०च्या सुमारास 'अलोहा' नावाचं रेडिओजाळं उभं राहिलं, तेव्हाच हे गणित मांडलं गेलं. जो तो मनात येईल तेव्हा पाठवू लागला, तर वाहिनीची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमता कामी येते, बाकीचा वेळ टकरीत आणि शांततेत जातो. एपीआरएसचं एक पाकीट साधारण सेकंदभराचं धरा. म्हणजे मिनिटाला अकराएक पाकिटं, सगळ्यांची मिळून! पाठवण्यापूर्वी रेडिओ कानोसा घेतो हे खरं, पण डोंगराआडचा माणूस त्याला ऐकूच येत नाही, त्यामुळे टक्कर व्हायची ती होतेच. डिजिपीटरने केलेली पुनरावृत्तीही याच हिशेबात. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या दोन गाड्या दर दहा सेकंदांनी "मी इथेच आहे, मी इथेच आहे" ओरडत बसल्या, तर एवढ्यानेच वाहिनी भरली. आणि मग ज्याला खरंच "मदत पाठवा" म्हणायचंय, त्याचं पाकीट आपटतं. आज आपल्याकडे फारशी गर्दी नाही, मान्य. पण सवयी गर्दीच्या आधीच लावायच्या असतात.

थोडक्यात काय, तर सुरुवात करणाऱ्याने उलट्या टोकापासून करावी असं माझं ठाम मत आहे.

परीक्षा द्या. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम एवढाच अभ्यास, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्सही लागत नाही. निकाल आणि परवाना येईपर्यंत एखाद्या जुन्या हॅमच्या शेजारी जाऊन बसा. चहा मिळतो, ज्ञानही मिळतं. परवाना हातात आला की एक साधा दोन मीटरचा रेडिओ, एक जोडणीची वायर आणि जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय घ्या. डायरवुल्फ हे फुकट सॉफ्टवेअर साउंडकार्डालाच मोडेम बनवतं, वेगळ्या महागड्या डब्याची गरज नाही. आणि मग पहिलं पाकीट ठिपक्याचं नको. दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॅमला निरोप पाठवा आणि पोच येईपर्यंत अँटेनाशी झगडा. ती पोच पडद्यावर उमटली की तुम्ही एपीआरएसवर आलात, त्याआधी नाही.

मग ठिपके सुरू करा, पण हालचालीप्रमाणे आणि बेताने. मार्गात वाइड१-१, वाइड२-१ एवढं पुरे, म्हणजे दोन उड्या. सात उड्या मागून अख्ख्या राज्याला आपली खबर देण्याची गरज नसते. आणि एक लक्षात ठेवा. हौशी रेडिओवर मजकूर सांकेतिक करून लपवता येत नाही. तुमचं घर कुठे आणि ते कधी रिकामं, हे सगळ्या जगाला सांगताय याचं भान असू द्या.

जवळपास डिजिपीटर नसेल तर रडू नका, वर बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर एक डिजिपीटर आहे. ते चालू असेल तेव्हा १४५.८२५ मेगाहर्ट्झवर, चारशे किलोमीटर उंचीवरून, डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटांत तुमचं पाकीट पार दुसऱ्या राज्यात टाकतं. आपलेही प्रयत्न झालेत. १ एप्रिल २०१९च्या पीएसएलव्ही-सी४५च्या चौथ्या टप्प्यावर ॲमसॅट-इंडियाचं एपीआरएस यंत्र होतं, आणि १ जानेवारी २०२४ला पीएसएलव्ही-सी५८बरोबर मुंबईच्या के. जे. सोमैया तंत्रज्ञान संस्थेचं 'बिलीफसॅट-०' अवकाशात गेलं होतं. मुंबईची पोरं हौशी रेडिओ अवकाशात नेतात आणि आपण सह्याद्रीच्या एका टेकडीवर डिजिपीटर बसवायला कचरतो, हे काही बरं नाही.

कारण खरी कमतरता तिथेच आहे. व्हीएचएफ लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. कळसूबाईच्या माथ्यावरून पाच वॅट कुठच्या कुठे पोचतात, आणि खालच्या दरीतून पलीकडच्या वाडीपर्यंतही नाहीत. दहा जणांनी दहा आयगेट आपापल्या फ्लॅटच्या ब्रॉडबँडला जोडून नकाशा सजवण्यापेक्षा, त्या दहा जणांनी वर्गणी काढून, हव्या त्या परवानग्या घेऊन, एक डिजिपीटर उंचावर बसवलं आणि दर पावसाळ्याआधी त्याची बॅटरी तपासली, तर ट्रेकर्सना, वाड्यांना, पुरात अडकलेल्यांना काहीतरी उपयोग. हे काम नकाशावर दिसत नाही, शाबासकी मिळत नाही. म्हणून होत नाही!

असो. मराठीत 'पोच' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, मिळाल्याची पावती. दुसरा, समज. यापुढे कुणी फोन पुढे करून "हा बघ माझा ठिपका" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, "छान! पोच आहे का?" कुठल्या अर्थाने विचारलं, ते त्याचं त्याला ठरवू द्या :-)