आकाश सगळ्यांचं, मग डिशला परवाना कशाला? स्टारलिंक, इराण आणि आयटीयू

स्टारलिंकचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सॅटेलाइट आकाशात, कंपनी अमेरिकेची, पैसे माझ्या खिशातले. मग मध्ये भारत सरकारचा परवाना कशाला हवा?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं पूर्ण उत्तर दिल्लीत मिळत नाही, त्यासाठी जिनिव्हाला जावं लागतं. आणि ते समजून घ्यायला सध्या इराणइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

आधी एक साधी गोष्ट. तुमच्या गच्चीवरची टीव्हीची छत्री फक्त ऐकते. वरून सिग्नल येतो, ती पकडते, विषय संपला. स्टारलिंकची डिश मात्र बोलतेसुद्धा. तुम्ही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की ती १४ ते १४.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, साधारण ५५० किलोमीटरवरून धावणाऱ्या सॅटेलाइटकडे लहरी फेकते. म्हणजे तांत्रिक भाषेत ते एक छोटं रेडिओ केंद्र झालं. सॅटेलाइट आकाशात असेल, पण हे केंद्र तुमच्या गच्चीवर आहे. आणि तुमची गच्ची कुठल्या तरी देशात आहे.

इथे आयटीयू येते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. १८६५ साली पॅरिसमध्ये २० देशांनी तारायंत्राचे नियम ठरवायला ही संस्था काढली, म्हणजे ती संयुक्त राष्ट्रांपेक्षाही ८० वर्षांनी मोठी. भारताचं सदस्यत्व १८६९ पासूनचं आहे (अर्थात तेव्हा सही ब्रिटिशांची). आज १९४ देश सदस्य आहेत. शेवटचा आला पलाऊ, २०२४ मध्ये. सदस्य होणं म्हणजे तीन गोष्टी मान्य करणं: संघाची घटना, तिच्यासोबतचा करार, आणि रेडिओ रेग्युलेशन्स नावाचं जाडजूड नियमपुस्तक. कुठली फ्रिक्वेन्सी कशासाठी वापरायची, कोणाच्या सॅटेलाइटची नोंद आधी, हे सगळं त्यात असतं.

त्या पुस्तकाच्या १८व्या कलमात सांगितलंय की कोणत्याही खासगी व्यक्तीने किंवा कंपनीने सरकारच्या परवान्याशिवाय प्रक्षेपण करणारं केंद्र चालवायचं नाही. पुढे सॅटेलाइट सेवेसाठी वेगळे ठराव आले. त्यातला २०१९ चा २२ क्रमांकाचा ठराव आपल्या कामाचा आहे. एखाद्या देशाच्या जमिनीवरून विनापरवाना लहरी वर जात असतील, तर ज्या देशाने ते सॅटेलाइट नोंदवलंय त्याने त्या थांबवायला मदत केली पाहिजे, असं तो सांगतो. जबाबदारी देशाची, कंपनीची नाही. कंपन्या आयटीयूत बसू शकतात, बोलू शकतात, पण मत देशालाच.

आता इराण.

सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने इंटरनेट आवळलं. अमेरिकेने निर्बंधांमध्ये संपर्कसेवांसाठी सूट दिली आणि इलॉन मस्क यांनी स्टारलिंक सुरू करत असल्याचं जाहीर केलं. डिश चोरून देशात जायला लागल्या. इराणने परवाना दिलेला नव्हता. मग इराणने जे केलं ते अनेकांना विचित्र वाटलं, पण कायद्याच्या दृष्टीने अगदी सरळ होतं: त्याने आयटीयूकडे तक्रार केली. तक्रार स्टारलिंकविरुद्ध नाही, तर तिच्या सॅटेलाइटची नोंद करणाऱ्या दोन देशांविरुद्ध, अमेरिका आणि नॉर्वे.

हे प्रकरण गेलं रेडिओ रेग्युलेशन्स बोर्डाकडे. निवडून आलेल्या १२ जणांचं हे मंडळ. समोरून युक्तिवाद असा आला की बेकायदा डिश नेमक्या कुठे आहेत ते इराणने शोधून सांगावं, मग बघू. इराणने देशातून स्टारलिंकवर घेतलेल्या चाचण्या पुढे ठेवल्या. बोर्डाने २०२३ आणि २०२४ मध्ये पुन्हा पुन्हा इराणच्या बाजूने कौल दिला. म्हणणं असं की एकेक डिश शोधून कळवायची अट मान्य नाही, कारण डिश कुठे आहे हे कंपनीला स्वतःलाच कळतं आणि इतर देशांत तिने अशा डिश बंद केलेल्याही आहेत.

इथे मी इंजिनिअर म्हणून एक गोष्ट सांगतो. माझं रोजचं काम लोकेशनवर चालणाऱ्या ॲपचं आहे. "हा युजर या हद्दीत असेल तर सेवा देऊ नको" हा कोड काही रॉकेट सायन्स नाही, आमच्याकडे नवीन जॉइन झालेली मुलंही लिहितात. स्टारलिंकच्या डिशमध्ये जीपीएस असतो. आपण कुठे आहोत हे कळल्याशिवाय तिला कुठलं सॅटेलाइट कधी डोक्यावरून जाणार ते नीट गाठताच येत नाही. (म्हणूनच जीपीएस जाम केला की स्टारलिंकही लंगडते.) त्यामुळे "आम्हाला माहीत नाही कोण कुठे आहे" हे तांत्रिक उत्तर नाही, ते राजकीय उत्तर आहे.

मग बोर्डाच्या निर्णयाने काय झालं? डिश चालूच राहिल्या. जून २०२५ च्या युद्धात इराणने इंटरनेट जवळपास तोडलं तेव्हा मस्क यांनी बीम चालू असल्याचं एक्सवर लिहिलं. इराणने स्टारलिंक वापरणं हा गुन्हा ठरवला. जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा आंदोलनं, ८ तारखेपासून पुन्हा अंधार, आणि या वेळी स्टारलिंकचे सिग्नलही मोठ्या प्रमाणावर जाम केल्याच्या बातम्या. आयटीयूकडे पोलीस नाहीत, दंड करायची सोयही नाही. ती फक्त सांगू शकते, नोंदवू शकते, आणि पुढच्या बैठकीत परत सांगू शकते.

कायद्याच्या कागदावर इराण बरोबर आहे, हे मला मान्य करावं लागतं. पण थोडं मागे जाऊ. २००९-१० मध्ये हाच इराण युटेलसॅटच्या सॅटेलाइटवरचं बीबीसी पर्शियन जाम करत होता. तेव्हा तक्रार फ्रान्सने केली होती आणि मार्च २०१० मध्ये याच बोर्डाने इराणला हा अडथळा सर्वोच्च प्राधान्याने दूर करायला सांगितलं होतं. दुसऱ्याच्या सिग्नलमध्ये मुद्दाम अडथळा आणायचा नाही, हा नियमही त्याच करारात आहे. म्हणजे स्वतःला हवा तेव्हा करार, नको तेव्हा जॅमर. अमेरिकेचंही तेच. जानेवारी २०२६ मध्ये ट्रम्प सरकारने ६६ आंतरराष्ट्रीय संस्था सोडायचं जाहीर केलं, त्या यादीत आयटीयू नाही. कशी असेल? सॅटेलाइटच्या नोंदी तिथेच होतात, आणि सध्याच्या महासचिव डोरीन बोगडन-मार्टिन अमेरिकनच आहेत. २०२२ मध्ये बुखारेस्टला त्यांनी रशियाच्या उमेदवाराला १३९ विरुद्ध २५ मतांनी हरवलं होतं.

आणि करार स्वतः तरी किती सरळ आहे? आयटीयूच्या घटनेचं ३३वं कलम म्हणतं की आंतरराष्ट्रीय सेवेने संपर्क साधायचा जनतेला हक्क आहे. लगेच ३४वं म्हणतं की देशाच्या सुरक्षेला किंवा सार्वजनिक व्यवस्थेला धोका वाटला तर सरकार खासगी संदेश तोडू शकतं. ३५वं तर अख्खी आंतरराष्ट्रीय सेवाच स्थगित करू देतं, अट एवढीच की महासचिवांमार्फत बाकीच्या देशांना ताबडतोब कळवायचं. हक्क एका कलमात, तो काढून घ्यायची सोय पुढच्या दोन कलमांत. तारायंत्राच्या जमान्यातून आलेली ही भाषा आज कोट्यवधी लोकांच्या फोनला लागू होते.

आता आपल्याकडे या. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपूरमध्ये सुरक्षा दलांना शस्त्रांसोबत स्टारलिंकसारखं उपकरण सापडलं. मस्क म्हणाले, भारतावर बीम बंद आहेत. त्याच्या महिनाभर आधी अंदमानजवळ अमली पदार्थांची बोट पकडली, तिच्यावरही स्टारलिंक होतं. म्हणजे इराण जो प्रश्न विचारतोय तो भारतालाही पडतो, फक्त आपल्याबद्दल जगाला सहानुभूती वाटते आणि इराणबद्दल नाही. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, पण त्याआधीच सुरक्षेच्या अटी कडक झाल्या होत्या. सीमेपासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यावर खास नजर, डिशचं लोकेशन सरकारला कळणं, आणि सांगितल्यावर ठरावीक भागात सेवा बंद करता येणं.

ही शेवटची अट नीट वाचा. ५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशी नावं त्यात आहेत. भामरागडकडच्या आश्रमशाळेत सॅटेलाइट इंटरनेट पोहोचलं तर मला मनापासून आनंद होईल. पण ते इंटरनेट "कोणीच बंद करू शकत नाही" असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड, संभाजीनगरला मोबाइल इंटरनेट काही तास बंद होतं, आठवत असेल. काश्मीरला ४जी परत यायला ऑगस्ट २०१९ पासून फेब्रुवारी २०२१ उजाडला. परवानाधारक स्टारलिंकलाही तोच आदेश लागू होणार.

परवाना नसलेल्या स्टारलिंकचं बटण तरी कोणाकडे असतं? एका माणसाकडे. २०२२ मध्ये युक्रेनने क्रिमियात सेवा सुरू करायची विनंती केली, मस्क यांनी नाही म्हटलं. तेहरानमधल्या मुलीसाठी आज त्याच माणसाने हो म्हटलंय, हे तिचं नशीब. बटण सरकारकडे असेल तर निदान कोर्टात तरी जाता येतं. अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही, हे जानेवारी २०२० मध्ये आपल्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. म्हणून मी परवान्याच्या बाजूने आहे, आणि बंदीच्या आदेशावर तारीख, कारण आणि मुदत लोकांना वाचता येईल अशी छापलेली असावी, याच्याही.

पुढचं वेळापत्रक माहीत असू द्या. नोव्हेंबर २०२६ मध्ये कतारच्या दोहाला आयटीयूची सर्वोच्च परिषद भरते. महासचिव आणि त्या बोर्डाचे १२ सदस्य तिथेच निवडले जातात. त्यानंतर २०२७ ची जागतिक रेडिओ परिषद. तिच्या विषयपत्रिकेवर १.५ क्रमांकाचा मुद्दा आहे: खालच्या कक्षेतल्या सॅटेलाइटशी बोलणाऱ्या विनापरवाना डिश कशा रोखायच्या. तिथे जो मजकूर ठरेल तो इराणला लागू होईल तसा भारतालाही, आणि आपल्या बाजूने काय मांडायचं हे दूरसंचार विभाग ठरवणार आहे. हे विभागवाले मसुद्यांवर लोकांची मतं अधूनमधून मागवतात. लिंक आली की इथे टाकतोच.