वॅटच्या मापात पाप

किराणा दुकानदाराने किलोच्या नावाखाली आठशे ग्रॅम साखर दिली तर आपण भर बाजारात भांडतो. तक्रार झाली तर त्याच्यावर कारवाईही होते. संगणकाच्या बाजारात मात्र ‘४५० वॅट’ छापलेला डबा गरजेच्या जागी निम्मी वीजही देत नाही आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मशीन बंद पडलं की दुकानदार म्हणतो, ‘लोड जास्त झाला.’ ग्राहक मान खाली घालून घरी येतो. त्याला वाटतं, आपल्यालाच यातलं कळत नाही.

हा ग्राहक कोण असतो? मोहल्ल्यात उर्दू-मराठी डीटीपी करणारा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करून घर चालवणारा, कॅड शिकणारी इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. नवं मशीन परवडत नाही म्हणून ही माणसं जुन्याच डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड आणि रॅम टाकतात. यात चूक काहीच नाही. चांगलं मशीन भंगारात घालण्यापेक्षा हा मार्ग कधीही शहाणपणाचा. चूक आहे ती त्यांना आकडे विकणाऱ्या बाजाराची.

पहिला आकडा पॉवर सप्लायचा, म्हणजे दुकानात ज्याला एसएमपीएस म्हणतात त्याचा. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर बहुतेक वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. म्हणून डब्यावरच्या मोठ्या आकड्याकडे नव्हे, बाजूच्या बारीक तक्त्याकडे बघायला हवं. तिथे १२ व्होल्टपुढे १६ ॲम्पिअर लिहिले असतील, तर गुणाकार करा: १९२ वॅट. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटंच १७० वॅटचं आहे. त्यात ६५ वॅटचा प्रोसेसर मिळवला की बेरीज २३५ होते. खुद्द कंपनी या कार्डासाठी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. मग १९२ वॅटवर हे मशीन चालणार कसं?

यावर बाजाराकडे एक जुगाड आहे. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर नसेल तर कन्व्हर्टर लावून देतात. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो आणि आठ पिनांची जोडणी १५० वॅटसाठी असते. पण पिना वाढल्या म्हणून वीज वाढत नाही. नळाला तोट्या वाढवल्याने टाकीतलं पाणी वाढतं का? रेंडर अर्ध्यावर असताना मशीन बंद पडतं. संरक्षण सर्किटात काटकसर केलेला पॉवर सप्लाय तर जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन जाऊ शकतो. डिस्कवर कुणाच्या तरी निकाहचं शूटिंग असतं, कुणाचा वर्षभराचा प्रोजेक्ट असतो.

दुसरा आकडा कार्डाच्या नावातला. इथे तर मोठ्या कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये आलं, जीडीडीआर५ मेमरी घेऊन. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड बाजारात आलं. दोन्हींवर ‘२ जीबी’च लिहिलेलं. पण पहिल्याची मेमरी बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी आणि दुसऱ्याची १७ जीबीच्याही आत. नाव तेच, आतला माल वेगळा.

तिसरा आकडा रॅमचा. ‘१६ जीबी’ ऐकलं की आपण खूश होतो. पण १६ ची एकच पट्टी लावली तर मेमरीचा एकच चॅनल चालतो. आठ-आठच्या दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर दोन चालतात आणि रस्ता दुप्पट रुंद होतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर हा फरक चांगलाच जाणवतो. आणि डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसतच नाही, हे घरी जाऊन डबा उघडल्यावर कळावं का?

दुकानदारांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘गिऱ्हाईक स्वस्त मागतं, आम्ही काय करणार?’ स्वस्त जरूर विका. २५० वॅटचा माल २५० लिहून विका, कुणाची हरकत नाही. स्वस्त आणि खोटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोट्या स्वस्ताईची किंमत गरीबच दोनदा मोजतो, एकदा डबा घेताना आणि एकदा जळालेलं मशीन दुरुस्त करताना. मालाचा दर्जा किंवा प्रमाण खोटं सांगणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे ‘बाजारात असंच चालतं’ ही सबब कायद्यापुढे टिकत नाही.

मागणी साधी आहे. पॉवर सप्लायच्या डब्यावर, पुढच्याच बाजूला आणि ठळक अक्षरांत, १२ व्होल्टवर सतत मिळणारे वॅट छापा. बिलावर नुसतं ‘ग्राफिक्स कार्ड २ जीबी’ आणि ‘रॅम १६ जीबी’ नको. पूर्ण मॉडेल, मेमरीचा प्रकार आणि पट्ट्यांची संख्या लिहा. आणि ग्राहकांनो, अपग्रेडची सुरुवात कार्डापासून नव्हे, पॉवर सप्लायपासून करा. तक्ता वाचा, गुणाकार करा, पक्कं बिल मागा. पक्क्या बिलाला जो दुकानदार नाही म्हणेल, त्याच्या दुकानातून तसेच खाली उतरा.