तुझी बाजू कोणती?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यात शिरणाऱ्या नवख्या खेळाडूला आधी एक निवड करावी लागे, ‘अलायन्स’ की ‘होर्ड’? अलायन्समध्ये माणसे, बुटके आणि लांब कानांचे एल्फ. होर्डमध्ये हिरव्या कातडीचे सुळेवाले ऑर्क, ट्रोल, बैलाच्या तोंडाचे टॉरेन आणि थडग्यातून उठून आलेली भुते. खेळातले काहीही कळत नसताना, चार चित्रे पाहून हा निर्णय होई. तरी गेली वीस वर्षे खेळाडू त्या एका टिचकीवरून एकमेकांची पारख करत आले आहेत. अलायन्सवाला म्हणजे सरळमार्गी आणि जरा पोरकट, होर्डवाला म्हणजे बंडखोर आणि मुरलेला. अलायन्सवाल्यांचे मत अर्थातच नेमके उलटे. जन्मपत्रिका पाहण्याचाच हा प्रकार, फक्त ग्रहांच्या जागी ऑर्क आले.

खेळाडूंची आपसातली थट्टा म्हणून हे सोडून देता आले असते. पण घरात मुलगा सतत राक्षसांचीच बाजू घेऊन खेळताना दिसला, की आईवडिलांच्या मनात शंका येतेच. याच्या स्वभावात काही काळे तर नाही ना? त्यांना आधीच सांगून टाकू, या टिचकीवरून तसे काही ठरत नाही.

बाजू निवडण्याची कारणे बहुधा फार साधी असतात. मित्र जिकडे, तिकडे आपण. नाहीतर मग रंगरूप. सुरुवातीच्या काळात कित्येक सर्व्हरवर अलायन्सची गर्दी जास्त असे. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने होर्डला ‘ब्लड एल्फ’ ही देखणी जमात दिली आणि ती पाहता पाहता त्या बाजूची लाडकी झाली. माणसांचे स्वभाव एका रात्रीत बदलले नव्हते, चेहरे बरे मिळाले होते. २००९ पासून तर पैसे भरून बाजू बदलण्याची सोय झाली. ‘पोकेमॉन गो’ने २०१६ मध्ये लाल, निळा आणि पिवळा असे तीन संघ आणले. आपल्याकडे तो डिसेंबरमध्ये अधिकृतपणे आला, पण मुंबई-पुण्यातली पोरे जुलैपासूनच मोबाइल हातात धरून रस्त्यावर हिंडत होती. त्यातही रंग निवडायचा तो पाचव्या पातळीवर पोहोचल्यावर, आणि अनेकदा ‘तू कुठला घेतलास?’ असे मित्राला विचारून.

मग खेळावरून माणूस ओळखताच येत नाही का? थोडाफार येतो. निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वॉरक्राफ्टच्या खेळाडूंकडून व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्यांची उत्तरे खेळातल्या वागण्याच्या नोंदींशी ताडून पाहिली. मिळून-मिसळून वागणारी माणसे खेळातही इतरांना मिठी मारणे, हात हलवणे, शाबासकी देणे असले हावभाव जास्त करत. बोलक्या स्वभावाचे लोक गटाने करायच्या मोहिमांकडे वळत. नेटकी माणसे चिकाटीने वस्तू जमवत बसत. हे संबंध फार घट्ट नव्हते, पण होते. मात्र ते दिसले रोजच्या वागण्यात. दारातून आत शिरताना केलेल्या निवडीपेक्षा आत शिरल्यावर माणूस काय करतो, त्यातून जास्त कळते.

आणि आत शिरल्यावर काय होते, हे समजण्यासाठी खेळ बाजूला ठेवून ब्रिस्टलच्या एका शाळेतल्या मुलांकडे जावे लागते. हेन्री ताशफेल हे मानसशास्त्रज्ञ मूळचे पोलंडमधले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना ते जर्मनांच्या कैदेत पडले. आपण पोलंडचे, हे उघड झाले नाही म्हणून वाचले. कैदेतून परतले तेव्हा जवळचे जवळजवळ कुणी उरले नव्हते. शेजारी शेजाऱ्यावर कसा उलटतो, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून पडलेला नव्हता.

सत्तरच्या दशकाच्या तोंडावर त्यांनी चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रे दाखवली आणि आवडीप्रमाणे दोन गट केल्याचे सांगितले. प्रत्यक्षात गट कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आहे, हेही मुलांना ठाऊक नव्हते. मग प्रत्येकाला इतर मुलांमध्ये गुण वाटायला सांगितले; त्या गुणांचे पैसे मिळणार होते, पण वाटणाऱ्याला स्वतःला त्यातून काही नाही. एका तक्त्यात पर्याय असे होते: आपल्या गटातल्याला १९ आणि समोरच्याला २५, दोघांना १३-१३, किंवा आपल्याला ७ आणि समोरच्याला १. आपल्या माणसाचे भले करायचे तर १९ वर बोट ठेवायला हवे. मुलांचा कल मात्र दुसऱ्या टोकाकडे झुकला. आपल्याला कमी मिळाले तरी चालेल, समोरच्यापेक्षा जास्त हवे. ना जुने वैर, ना ओळख. फक्त एक नाव चिकटवलेले, तेही खोटे.

आपल्या शाळांतले लाल, निळे, पिवळे, हिरवे हाऊस आठवून पाहा. हजेरीच्या क्रमांकावरून मिळालेला रंग, पण क्रीडादिनी त्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडायचे. फरक एवढाच, की मधल्या सुट्टीत निळ्या आणि लाल हाऊसची मुले एकाच डब्यातून खात.

खेळात बाजू आपणच निवडलेली असते, त्यामुळे गाठ आणखी पक्की बसते. जॅक ब्रेम यांनी १९५६ मध्ये स्त्रियांना घरगुती उपकरणांना गुण द्यायला सांगितले आणि मग त्यांतल्या दोन वस्तूंपैकी एक निवडून घ्यायला लावली. पुन्हा गुण द्यायला सांगितले तेव्हा घेतलेली वस्तू वधारली होती आणि नाकारलेली उतरली होती. टोस्टरचे जर असे होते, तर ज्या पात्रावर हजारो तास घातले त्याचे काय होत असेल?

खेळ बनवणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. वॉरक्राफ्टमध्ये दोन बाजूंमध्ये भाषेचीच भिंत घातलेली होती. होर्डच्या खेळाडूने हसून ‘लोल’ लिहिले, तर अलायन्सच्या खेळाडूच्या पडद्यावर ‘केक’ उमटे. समोरचा माफी मागतोय, चेष्टा करतोय की वाट विचारतोय, कळायला मार्ग नाही. दिसणार फक्त त्याची तलवार. अशा माणसाला ‘दुष्ट’ ठरवायला किती वेळ लागतो? ही भिंत कंपनीनेच बांधलेली होती. कट्टर वैर असले, की गिऱ्हाईक टिकते.

म्हणून मुलाने ऑर्क घेतला की एल्फ, यावर रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची लक्षणे दिली आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी साऱ्यापेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे. कोणत्या बाजूने खेळता, हा प्रश्न त्यात नाही. घरच्यांनी कान द्यावा तो मूल समोरच्या बाजूबद्दल काय बोलते, तिकडे. ‘त्यांना हरवले’ आणि ‘ते लोक असलेच असतात’ ही दोन वाक्ये एकाच खेळातून येतात. दुसरे वाक्य वारंवार यायला लागले, तर ‘ते लोक म्हणजे कोण? त्यांतले कुणी ओळखीचे आहे का?’ असे जेवताना सहज विचारावे. रागावून विचारले, तर उत्तर मिळणार नाही.

वॉरक्राफ्टच्या कंपनीने २०२२ मध्ये ती भिंत थोडी पाडली. होर्ड आणि अलायन्सच्या खेळाडूंना बऱ्याच मोहिमा एकत्र करता येऊ लागल्या. वेगळ्या बाजू घेतल्यामुळे वर्षानुवर्षे ताटातूट झालेले मित्र एका तुकडीत आले. ‘मग युद्ध कसले?’ म्हणत काही जुने खेळाडू रुसले. आता तुकडीत शेजारी उभ्या असलेल्या ऑर्कने ‘लोल’ लिहिले, की एल्फला ‘लोल’च दिसते.