निकाहनाम्याशेजारी नर्सिंगच्या नोंदणीचा कागदही ठेवा

मालेगाव, भिवंडी, मुंब्रा, परभणी, औसा. कुठल्याही गावातल्या मुस्लिम वस्तीत आज चौकशी केली, तर जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली एखादी तरी मुलगी सापडते. आपल्या संघटना तिचा सत्कार करतात, शाल देतात, स्मृतिचिन्ह देतात. भाषणात हजरत रुफैदा यांचा दाखला हमखास येतो. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांची शुश्रूषा मदिनेच्या मशिदीजवळ रुफैदा यांच्या तंबूत झाली, हे सांगितले जाते. टाळ्या पडतात. पाच वर्षांनी त्याच मुलीला, ‘बेटी, तुझी नोंदणी चालू आहे ना?’ असे मात्र कोणी विचारत नाही.

हा प्रश्न सत्काराइतकाच महत्त्वाचा आहे. नर्सिंगची पदवी किंवा पदविका एकदाच मिळते, पण नर्स म्हणून काम करण्याचा हक्क राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमधल्या, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेतल्या नोंदणीमुळे मिळतो आणि त्या नोंदणीला मुदत असते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. नुसती फी भरून ते होत नाही. मधल्या काळात निरंतर नर्सिंग शिक्षण, ज्याला सगळे सीएनई म्हणतात, घेतल्याचे दाखले द्यावे लागतात. भारतीय परिचर्या परिषदेने यासाठी ठरवलेले माप पाच वर्षांत 150 तासांचे आहे. राज्यात हा हिशेब क्रेडिट पॉइंटमध्ये होतो, त्यामुळे आपल्या वेळचा नियम परिषदेच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावा. पण 150 तासांचा अर्थ समजून घ्या. वर्षाला 30 तास, महिन्याला अडीच. दूरच्या नात्यातल्या वलीम्याला जाऊन यायला याहून जास्त वेळ लागतो.

तरीही मुलींच्या नोंदण्या बंद पडतात, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण आळस नसते. तेवीस-चोवीसला निकाह होतो. सासरी सांगितले जाते, ‘सध्या नको, पुढे बघू.’ मग पहिले मूल, दुसरे मूल. परिषदेची आठवण जुन्या मोबाईल नंबरवर येते, आणि तो नंबर माहेरच्या कोणाकडे तरी असतो. सहा-सात वर्षांनी घरात अडचण येते. नवऱ्याचे काम सुटते, आजारपण येते, कधी तलाक होतो, कधी वैधव्य. तेव्हा कपाटातून प्रमाणपत्र बाहेर निघते आणि त्याची तारीख उलटून गेलेली असते. चांगले रुग्णालय दारातूनच परत पाठवते. उरतो तो गल्लीतला दवाखाना. तिथे तिला ‘सिस्टर’ म्हणतात, पण पगार मदतनिसाचा देतात, कारण तिच्याकडे चालू नोंदणी नाही हे मालकाला ठाऊक असते.

म्हणून माझे म्हणणे असे की नोंदणी ही त्या मुलीच्या नावावरची मालमत्ता मानावी. मेहर तिचा हक्क, तशी ही तिच्या मेहनतीची कमाई. ती नोकरी करते की नाही हा वेगळा प्रश्न, तो तिने आणि तिच्या घरच्यांनी ठरवावा. पण नोकरी न करणाऱ्या मुलीचीही नोंदणी चालू राहिली पाहिजे. निकाहनाम्यात शर्ती लिहून घेता येतात, ही काही आजची कल्पना नाही. मग एक ओळ ही का नको, की मुलीची व्यावसायिक नोंदणी वेळेवर नवी केली जाईल आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणाला जायला तिला कोणी अडवणार नाही? रिश्ता ठरताना फ्रिज आणि फर्निचर यांवर तासभर चर्चा होते. या ओळीला पाच मिनिटेही लागणार नाहीत. ज्या घराला एवढीही ओळ जड वाटते, त्या घराबद्दल निकाहच्या आधीच कळले, हेही बरेच.

काही सहकारी म्हणतात की सीएनई हे सगळे पैसे काढण्याचे तंत्र आहे, एकदा परीक्षा पास झाल्यावर पुन्हा काय शिकायचे? या तक्रारीतला खरा भाग मी पुढे मांडते. पण ‘पुन्हा काय शिकायचे’ हे मला मान्य नाही. आपल्या वस्त्यांचा रोजचा आजार घ्या, क्षयरोग. 2014 साली पास झालेली नर्स शिकली ती आठवड्यातून तीन वेळा गोळ्या देण्याची डॉट्स पद्धत. 2017 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाने ती बदलून रोज, वजनाप्रमाणे, एकत्रित औषधांच्या गोळ्या सुरू केल्या. 2024 मध्ये औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला केंद्र सरकारने मान्यता दिली. यातल्या लिनेझोलिडने पायाला मुंग्या येऊ शकतात, नजरेवर परिणाम होऊ शकतो. ‘पाय बधिर वाटतात का, अक्षरे नीट दिसतात का’ हे रुग्णाला विचारणारी व्यक्ती बहुधा नर्सच असते. तिला माहीतच नसेल तर ती विचारणार कशी?

बाळंतपणाचेही तसेच. प्रसूतीनंतर किती रक्त गेले हे डोळ्यांनी अंदाजायची आपली सवय आहे आणि तो अंदाज नेहमी कमीच भरतो. 2023 मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या दोन लाखांहून अधिक प्रसूतींवरच्या ई-मोटिव्ह या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बाईच्या अंगाखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवायची. रक्त ठरावीक रेषेला पोचले की गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकुंचित करणारे औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळे एकापाठोपाठ वाट न बघता एकत्र सुरू करायचे. एवढ्याने गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारे अनर्थ 60 टक्क्यांनी घटले. नवे यंत्र नाही, मोठा खर्च नाही. पिशवी, चार-पाच कामांचा ठरलेला क्रम, आणि तो क्रम हातात बसलेली नर्स. आपल्या लेकीबाळी ज्या छोट्या प्रसूतिगृहांत जातात, तिथल्या सिस्टरला हा क्रम पाठ असावा असे आपल्याला वाटत असेल, तर तिने वर्षाला 30 तास शिकण्याला ‘कटकट’ म्हणू नये.

आता तक्रारीतला खरा भाग. सीएनईच्या नावाखाली जे चालते, त्यातले बरेच शिक्षण नव्हेच. सकाळी सही, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणे, पडद्यावरच्या चौकटी वाचून दाखवणारा एक वक्ता, जेवण, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र. सभागृहात दोनशे जणी, आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा पुतळा एक, तोही टेबलावर शोभेला. फी सिस्टरच्या खिशातून. खासगी नर्सिंग होममध्ये असेल तर त्या दिवसाचा पगारही कापला जातो. डॉक्टरसाहेब परिषदेला जातात तेव्हा दवाखाना बंद ठेवून जातात. सिस्टरने एक रविवार मागितला की तोंडे वाकडी होतात.

ब्रिटनमध्ये आपल्याकडून गेलेल्या नर्सना वेगळा अनुभव येतो. तिथे 2016 पासून दर तीन वर्षांनी नोंदणीची फेरतपासणी होते. शिक्षणाचे तास फक्त 35, त्यातले 20 इतरांसोबत बसून. आपल्या हिशेबाने तीन वर्षांत 90 तास होतात, म्हणजे कागदावर आपण त्यांच्या कितीतरी पुढे! पण तिथे 450 तास प्रत्यक्ष काम केल्याची नोंद लागते, कामाबद्दल इतरांनी दिलेले पाच अभिप्राय लागतात आणि स्वतः लिहिलेली पाच टिपणे लागतात. काय शिकले, त्याने माझ्या कामात काय बदलले, हे त्या टिपणांत लिहायचे आणि दुसऱ्या नोंदणीकृत नर्ससोबत बसून त्यावर बोलायचे. आपण खुर्चीत बसल्याचे तास मोजतो. परिषदेकडे मागणी करायचीच असेल तर ‘सीएनई रद्द करा’ ही नको. तास कमी करा, पण हाताने करून पाहायला लावा, तालुक्याच्या ठिकाणी या, मराठीत शिकवा, आणि फी रुग्णालयाने भरावी असा नियम करा, ही मागणी करा. ती करायला मुस्लिम नर्स आणि बाकीच्या नर्स यांना एकत्रच उभे राहावे लागेल, हे बरेच आहे.

आपल्या ट्रस्टनाही हात झटकता येणार नाहीत. अनेक शहरांत आपली रुग्णालये आहेत, कॉलेजे आहेत, लग्नाचे हॉल आठवड्यातले पाच दिवस रिकामे असतात. परिषदेची मान्यता आधी घेऊन (मान्यता नसलेल्या शिबिराचे प्रमाणपत्र नूतनीकरणाला चालत नाही, पैसे भरण्यापूर्वी हे प्रत्येकीने तपासावे) वर्षातून चार दिवस असे प्रशिक्षण ठेवणे अवघड नाही. लेकराला घेऊन येता येईल अशी एक खोली, नमाजची सोय, रमजानमध्ये न ठेवण्याचे भान. सत्काराच्या शालींच्या खर्चात दोन पुतळे येतील.

एक गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगते, कारण तिच्यात आपल्याच मुली जास्त अडकतात. ती म्हणजे नाव. दहावीच्या मार्कशीटवर ‘शेख सलमा रफिक’, आधारवर ‘सलमा बी शेख रफिक’, पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा, आणि निकाहनंतर बँकेत ‘सलमा इम्रान पठाण’. त्यात ‘शेख’चे इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांचे. हीच सलमा उद्या सौदीला किंवा दुबईला अर्ज करते, तेव्हा तिची कागदपत्रे मूळ संस्थांकडून पडताळली जातात, परिषदेकडून गुड स्टँडिंगचा दाखला मागवला जातो, आणि दोन कागदांवर दोन बायका दिसतात. राष्ट्रीय पातळीवरच्या नर्सेस लाइव्ह रजिस्टरमध्ये प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक मिळतो, तोही आधारशी जोडलेला, म्हणजे इथेही तेच. निकाहनंतर नाव बदलायची सक्ती ना शरियतची आहे, ना कायद्याची. ज्या नावाने नोंदणी आहे तेच नाव ठेवा. बदलायचेच असेल तर राजपत्रात जाहीर करून परिषदेतही त्याच महिन्यात बदलून घ्या. बिदर-कलबुर्गीला शिकून कर्नाटकात नोंदणी झालेल्यांनी इकडे काम करताना महाराष्ट्राची नोंदणी करून घ्यायला विसरू नये. नियम मुलांनाही तेच आहेत. ‘ब्रदर’ म्हणून काम करणारे आपले तरुण आखाताच्या तयारीत इकडची नोंदणी मरू देतात आणि परतल्यावर हवालदिल होतात.

ज्यांची मुदत आधीच उलटली आहे, त्यांनी नाव कायमचे गेले असे समजून घरी बसू नये. परिषदेकडे अर्ज करून, थकलेली आणि विलंबाची फी भरून, राहिलेले तास पूर्ण करून नोंदणी पुन्हा चालू करून घेता येते. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, शेवटच्या नूतनीकरणाची पावती, आधार, नाव बदलले असेल तर राजपत्राची प्रत आणि सीएनईचे जे काही दाखले हाताशी असतील ते एका फाइलमध्ये लावा. परिषदेत नोंदवलेला मोबाईल नंबर कोणाच्या हातात आहे, हे आज संध्याकाळी बघा.