मिसळायचे कुणी, कुणात?

‘मुस्लिमांनी मुख्य प्रवाहात यावे’ हे वाक्य ऐकतच आमची पिढी मोठी झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे ते बोलतात, निवडणुकीत पुढारी बोलतात आणि आमच्यातलेच शिकलेसवरलेले टाळ्या वाजवतात. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. आमचे भांडण त्या शब्दांशी आहे. ‘प्रवाहात या’ असे काठावर उभ्या असलेल्याला म्हणतात. आम्ही काठावर होतो कधी?

कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्या आमच्या भावाला ‘जुळवून घे’ म्हणणे रास्त आहे. तिथली बोली, कायदा, हवा, सगळेच त्याला नवे. पण सोलापूर-मिरजेच्या माणसाने कशाशी जुळवून घ्यायचे? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठीतच. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा लिहिणारे इथलेच होते आणि भाषाही इथलीच होती.

आपली दखनी ऐका. ‘नक्को’ म्हणतो, ‘मैंच जाता’ म्हणतो. तो ‘नको’ मराठीचा, तो ‘च’ही मराठीचा. पाहुणा यजमानाकडून चार वस्तूंची नावे उचलतो. नकार देण्याची आणि ठासून बोलण्याची तऱ्हा मात्र एका अंगणात वाढल्यावरच जिभेवर येते. आता दुसरी बाजू पाहा. अर्ज, वकील, कागद, शाई, जमीन, हजर हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले. शिवरायांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ झाला, विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, ‘तारीख’च्या जागी ‘दिनांक’ आला. तरी कोर्टात आजही ‘तारीख’च पडते! मग कोण कुणात मिसळायचे राहिले आहे?

इथवर वाचून आपण माना डोलावल्या असतील. आता जरा आपल्या घरात डोकावू. मोहल्ल्यात आपण सहज म्हणतो, ‘वो मराठी लोगां हैं.’ म्हणजे हिंदू. मग आपण कोण? बाहेरचा कुणी ‘तुमचे मराठी छान आहे हो, मुस्लिम वाटत नाही’ म्हणाला की आपण दुखावतो. पण मराठी म्हणजे हिंदू, हा हिशेब आपणही घरात मांडूनच ठेवला आहे.

याचा दोष आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांकडेही येतो. मराठीचा तास आम्ही पास होण्यापुरता ठेवला. मराठी सर्व माध्यमांच्या शाळांत सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला, पण सक्तीने तास मिळतो, भाषा मिळत नाही. बारावी झालेला आमचा मुलगा पोलीस भरतीला बसतो, मराठी व्याकरणात अडतो आणि घरी येऊन म्हणतो, ‘वो अपनी जबान नहीं.’ हे त्याला कुणी शिकवले? उर्दू सोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिच्यावर आमचे प्रेम आहे आणि पोटही. पण एक भाषा जपण्यासाठी दुसरीला परकी ठरवण्याची गरज कुठे आहे?

उर्दूच्या पुस्तकात ‘हम’ एकच असतो. मराठीत दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणजे समोरच्याला वगळून, ‘आपण’ म्हणजे त्याला धरून. मोहल्ल्यातही ‘अपन चलेंगे’ म्हणताना आपण हेच करतो. तेव्हा यापुढे कुणी प्रवाहाचे आमंत्रण दिले, तर नम्रपणे विचारावे, ‘साहेब, तुम्ही आपण म्हणता तेव्हा त्यात आम्हाला धरता का?’ आणि त्याच रात्री घरी, दस्तरखानावर, स्वतःलाही विचारावे: मराठी लोक म्हणताना आपण स्वतःला धरतो का?